ॲल्युमिनियमची दांडी

“मग निवेदकानं काय सांगायचं, मास्तर? तुमचा शिष्य म्हणायचं का नाही?”

शमुवेल मास्तर तांदूळ निवडत होते. त्यांनी एक खडा उचलला, उन्हात धरून पाहिला आणि अंगणात टाकला.

“नाही.”

“मग काय सांगायचं?”

“बेस वाजवतो, असं सांगू दे.” आणखी एक खडा. “वाजवत असशील तर.”

मी कट्ट्यावर बसून चहाची वाट पाहत होतो. मास्तरांकडे सकाळी गेलं की चहा मिळतो, उत्तर मिळत नाही. मला हे ठाऊक आहे, कारण ऑर्केस्ट्रात उभं आयुष्य मी त्यांच्या शेजारी ड्रम वाजवले. गाणं कुठल्या पट्टीत आहे असं विचारलं, तर ‘सुरू झालं की कळेल’ म्हणणारा हा माणूस. असल्या माणसाला लोक गुरू का मानतात, ते मला अजून उमगलेलं नाही. त्यांना स्वतःलाही ते मान्य नाही. कुणी गुरू म्हटलं की ते म्हणतात, ‘मी कुणाचा गुरू नाही.’ हे एक वाक्य तेवढं ते पूर्ण बोलतात.

विचारणारा होता धैर्यशील खराडे. नाव धैर्यशील, आणि सिग्नलला थांबायचा धीर नाही. मृणालताईंच्या ऑर्केस्ट्रात तो बेस गिटार वाजवतो. बोटं चांगली, कानही चांगला, फक्त बूड एका जागी टिकत नाही. कोल्हापुरात भेटेल त्याला सांगतो, मी शमुवेल मास्तरांचा शिष्य. लोक मास्तरांना विचारतात, मास्तर नाही म्हणतात. बरीच वर्षं हे असंच चाललंय, आणि मधल्यामध्ये लोक मला विचारतात.

त्या दिवशी संध्याकाळी मास्तरांचा जाहीर सत्कार होता आणि त्यानंतर मृणालताईंच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम. म्हणून हा प्रश्न. पण धैर्यशीलचं खरं दुखणं वेगळं होतं. ते त्यानं वाद्याच्या काळ्या केसमध्ये घालून आणलं होतं.

“बरं, ते राहू दे,” तो म्हणाला. “हे बघा आधी.”

त्यानं केस उघडली.

आत बेस होता. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. कार्यक्रमात लोकांचं तिच्याकडे लक्ष नसतं, पण ती सुरातून हलली की गाणाऱ्याच्या पायाखालची फळी हलते. आता गिटारची दांडी लाकडाची असते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. ह्या बेसची दांडी ॲल्युमिनियमची होती. वर खुंट्या असतात तिथं तिला दोन फाटे फुटलेले. आणि त्या सगळ्या दांडीला लोकरीचा तपकिरी मफलर गुंडाळलेला.

“हा कशाला?” मास्तरांनी मफलरकडे बोट केलं.

“थंडी आहे ना, मास्तर. धातू गार पडतोय.”

“हं.”

“मास्तर, हा बेस जहाजावरच्या बँडमधल्या एका गोवेकरानं परदेशातनं आणलेला. तिकडं पन्नासएक वर्षांपूर्वी थोडेच बनले, मग कारखान्यानं बनवायचंच बंद केलं. अख्ख्या महाराष्ट्रात असा दुसरा दाखवा मला.”

मास्तरांनी बेसकडे पाहिलं.

“म्हणून एकटा पडलाय,” ते म्हणाले.

धैर्यशीलनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

“आवाज कसला आहे ह्याचा, माहीत आहे?” तो म्हणाला. “एक सूर लावला की घंटेसारखा वाजत राहतोय. पण सुरात राहत नाही ओ. गार असताना लावावा, तर दोन गाण्यांत माझ्या हातानं दांडी तापते. तापली की वाढते, तारा ताणतात, सूर चढतोय. मग मी उतरवून परत लावतो. मध्यंतरात खाली ठेवला की परत गार, परत सूर उतरला. तीन कार्यक्रम झाले, मी नुसत्या खुंट्या पिळतोय.”

“मग?”

“मग काय? ताईंनी काल सगळ्यांसमोर सांगितलं. आज सूर हलला, तर उद्यापासून बेस कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात. माझी खुर्चीच काढणार.”

त्याचा आवाज जरा बसला. हे मात्र खोटं नव्हतं. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातानं आमच्या ओळखीतले किती बेसवाले घरी बसवले, ते मी पाहिलं आहे. एक आता मोबाइलची कव्हरं विकतो.

मास्तर ताट खाली ठेवून उठले.

मला वाटलं, चला, बोलतील आता काहीतरी.

ते आत गेले. माठातल्या पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला घेऊन आले. बेसवरचा मफलर सोडला आणि पेल्याला गुंडाळला, अगदी कानटोपी घालावी तसा. पेला धैर्यशीलपुढे ठेवला.

“गरम झालं की सांग. चहा टाकू.”

आणि परत तांदळाला बसले.

धैर्यशील पेल्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिलो. समोरच्या गल्लीतून भाजीवाला गेला, त्याची हाक लांब गेली, परत शांत झालं. पेला मफलर घालून बसला होता.

“मास्तर, हे काय?”

“झालं गरम?”

“पाणी कसं गरम होईल?”

“मफलर घातलाय ना.”

“म्हणून काय झालं?”

“चांगला नसेल मफलर.”

“चांगला आहे. आईनं विणलाय.”

“मग पाणी चांगलं नसेल.”

धैर्यशीलनं दोन्ही हात डोक्यावर नेले. खरं सांगतो, त्या क्षणी मी त्याच्या बाजूचा होतो. पोराची खुर्ची चालली आहे, कार्यक्रम संध्याकाळवर आलाय, आणि हे गृहस्थ पेल्याला मफलर घालून बसलेत. शिवाय माझा चहा त्या पाण्यावर अडकला होता.

“शमुवेल,” मी म्हणालो, “सरळ सांग की त्याला.”

“काय सांगू?”

“जे काय असेल ते.”

“दिगू, तांदळात खडे फार आहेत.”

हे उत्तर. मी हात टेकले.

मास्तरांनी ताट मात्र बाजूला सारलं. हात धोतराला पुसले, बेस उचलून मांडीवर घेतला. डाव्या हाताची मूठ दांडीभोवती धरली. उजवा हातही वरच्या बाजूला दांडीवरच ठेवला. आणि बसले.

वाजवलं काहीच नाही. रस्त्याकडे बघत बसले. समोरच्या घरातली बाई वाळवण घालत होती, तिच्याकडे बघत बसले. तिनं तिकडून विचारलं, ‘काय मास्तर, बरं आहे ना?’ तर मान हलवली. हात दांडीवरून काढला नाही.

धैर्यशीलनं घड्याळ पाहिलं. उठला, बसला. फोन काढला, ठेवला.

“मास्तर, वाजवताय ना?”

…

“मास्तर?”

…

पुढं त्याला राहवेना. त्यानं बोलायला सुरुवात केली. गोवेकराच्या मुलानं बेस देताना काही सांगितलंच नाही. ताईंना नव्या वाद्याची किंमत नाही. साउंडवाला कानानं अधू आहे. कीबोर्डवाला तर मुद्दामच त्याच्या तोंडाकडे बघून हसतो. बोलता बोलता तो कट्ट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता, आणि प्रत्येक फेरीत माझ्या पायाला ठेच मारत होता.

तो दमून थांबला तेव्हा मास्तरांनी खुंट्यांना हात घातला. ही जराशी, ती जराशी. मग अंगठ्यानं एक तार छेडली. त्या बेसला कशाला जोडलेलं नव्हतं, तरी तो सूर कट्ट्याच्या दगडातून मला जाणवला. मग त्यांनी एका जुन्या गाण्याची चाल वाजवली, पुढं दुसऱ्या गाण्याची.

धैर्यशीलनं खिशातून ट्यूनर काढला आणि दोन फाट्यांपैकी एकाला चिमट्यासारखा लावला. सूर बरोबर आहे की नाही ते काट्यानं दाखवणारं यंत्र ते. काटा मधोमध उभा होता. दुसरं गाणं संपलं, तिसरं झालं, तरी मधोमधच.

“काय केलंत?”

“धरून बसलो.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“मी पण धरतोच की ओ. वाजवताना माझा हात काय खिशात असतोय?”

“कधी धरतोस?”

“वाजवायला लागल्यावर.”

“हं,” मास्तर म्हणाले आणि बेस त्याच्या मांडीवर ठेवला.

धैर्यशीलनं दांडी धरली. घट्ट धरली, बोटं पांढरी पडली. थोडा वेळ असा गेला. मला बरं वाटलं. म्हटलं, आता बसेल, कळेल, चहा होईल.

फोन वाजला. साउंडवाल्याचा.

बेस कट्ट्यावर टाकून तो फाटकापाशी गेला. मॉनिटरचा स्पीकर कुठं लावायचा ह्यावरून त्यानं असा काही वाद घातला की वाळवण घालणारी बाई आत निघून गेली. परत आला, बेस उचलला, दांडीला हात लावला आणि तार छेडली.

काटा डावीकडे पडला.

“परत उतरला,” तो म्हणाला. “बघा. परत. ह्याला काय करायचं ते सरळ सांगायला काय जातंय ओ तुमचं?”

“सांगितलं.”

“काय सांगितलं? पेल्याला मफलर बांधला, हे सांगणं झालं?”

मास्तरांनी पेल्याचा मफलर सारखा केला.

“इतकी वर्षं येतोय मी इथं. एक दिवस धड शिकवलं नाही तुम्ही. विचारलं तर खडे निवडताय. लोकांना सांगतो तुमचा शिष्य, तर तुम्ही नाही म्हणताय. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तुम्ही.”

हे त्यानं ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो हळू बोलला, त्यामुळे मला कसंसंच झालं.

मास्तरांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं खिळ्याला त्यांचा स्वतःचा जुना बेस टांगलेला होता. लाकडाच्या दांडीचा, घामानं काळा पडलेला.

“तो ने. सुरात राहील.”

धैर्यशीलचं तोंड उतरलं. खुर्ची वाचवायची वाट समोर होती, आणि तीच नेमकी त्याला नको होती. पण त्यानं बेस काढला. एका खांद्याला हा, दुसऱ्या हातात तो, असा दोन्ही घेऊन निघाला. फाटकाशी थांबला.

“मास्तर, मी खरंच वाईट वाजवतो काय?”

“नाही. चांगला वाजवतोस.”

मास्तरांनी ताट परत पुढं ओढलं.

“बसत नाहीस.”

त्यानं फाटक आपटलं. मोटारसायकल सुरू केली ती अशी, की कोपऱ्यावरची कुत्री उठली.

मास्तरांनी पेल्याचा मफलर सोडला. पाणी पिऊन पाहिलं.

“गारच आहे,” म्हणाले.

मग मफलर स्वतःच्या गळ्याला गुंडाळला आणि चहा टाकायला आत गेले. मी दारातून म्हटलं, “शमुवेल, पोरगं रडकुंडीला आलं होतं. एक वाक्य बोलला असतास तर तुझं काय सांडलं असतं?”

आतून स्टोव्हचा आवाज आला.

“साखर कमी घालतोय,” ते म्हणाले. “तुला खोकला आहे.”

*

संध्याकाळी नाट्यगृहात गेलो. तिथला एसी नवीन होता आणि संयोजकांना त्याचं कौतुक दाखवायचं होतं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर गुंडाळून घेतले होते.

मी आधी विंगेत डोकावलो. धैर्यशीलच्या खुर्चीमागे स्टँडवर मास्तरांचा लाकडी बेस उभा होता. धैर्यशीलच्या मांडीवर मात्र ॲल्युमिनियमचा. दोन्ही हात दांडीभोवती.

मृणालताई त्याच्यासमोर उभ्या होत्या. त्या चढ्या आवाजात बोलत नाहीत, आवाज गाण्यासाठी राखून ठेवतात.

“धैर्यशील, लाकडी घे. आज प्रयोग नकोत.”

“ताई, हाच.”

“मी काल काय सांगितलं ते लक्षात आहे?”

“आहे.”

“मग तुझं तू बघ.”

त्या गेल्या. मी पुढे झालो.

“अरे बाबा, हट्ट कशाला करतोस? काय चाललंय तुझं?”

“बसलोय, काका.”

“ते दिसतंय. पण करतोयस काय?”

“बसलोय.”

एक होता तो पुरेसा नव्हता, आता दुसराही तसाच बोलायला लागला. मी वैतागून माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो.

कार्यक्रमाची वेळ झाली. अध्यक्ष आले नव्हते. ते आले तेव्हा समई पेटेना. ती पेटली, तेव्हा संयोजक माणगावे ह्यांनी प्रास्ताविकाचे दोन शब्द सुरू केले, आणि ते दोन शब्द मास्तरांच्या जन्मापासून निघाले. वादक मंडळी मागे आपापल्या जागी बसलेली. माणगावे मास्तरांच्या शाळेपर्यंत पोचले, तेव्हा ढोलकीवाला हळूच उठून चहाला गेला. त्याच्यामागे कीबोर्डवाला गेला, मग गिटारवाला. वाद्यं तेवढी राहिली.

धैर्यशील उठला नाही.

पुढं अध्यक्षांना वादकांना भेटायची हौस आली. भाषणाआधी ते मागे वळले आणि जो एकटा हजर होता त्याच्यापुढे हात केला. धैर्यशीलनं बसल्या जागी मान लववली. हात दिला नाही. अध्यक्षांचा हात हवेत जरा वेळ राहिला, मग त्यांनी तो केसांवरून फिरवला.

मी खुर्चीत अंग चोरून घेतलं. ह्या पोराला आम्हीच लाडावून ठेवलाय, असं वाटलं.

मग सत्कार. मास्तर व्यासपीठाच्या मधोमध उभे राहिले, गळ्यात तो तपकिरी मफलर तसाच. माणगावेंनी तो काढायची खूण केली. मास्तरांनी ती पाहिली नाही, किंवा त्यांना पाहायची नव्हती. शेवटी मफलरवरूनच शाल घातली, हातात नारळ दिला. निवेदक म्हणाला, “रसिकहो, शमुवेल रणभिसे मास्तरांना उभं राहून मानवंदना देऊ या.”

अख्खं सभागृह उभं राहिलं. काय टाळ्या त्या. ज्यांच्यासाठी आम्ही जत्रांतून, लग्नांतून, उघड्यावरच्या मैदानांतून वाजवलं, ती माणसं आता पिकलेल्या केसांची झालेली, आणि उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझेही डोळे भरले, कशाला लपवू. मास्तर नारळाकडे बघत होते. कंटाळलेले दिसत होते.

आणि त्यांच्या बरोबर मागे, दिव्यांच्या उजेडात, एकटा धैर्यशील खुर्चीत बसून होता. उठला नाही. टाळी नाही. दोन्ही हात त्या दांडीवर.

लोकांनी ते पाहिलं. माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “हाच तो, शिष्य म्हणवणारा.”

माझं डोकं फिरलं. सकाळचा राग असा काढायचा? माणसानं आयुष्यभर वाजवलं, त्याला एक दिवस उभं राहून टाळी द्यायला तुझे हात झिजतात? मध्यंतरात ह्याला गाठायचं आणि चांगलं सुनावायचं, असं मी ठरवलं. काय सुनावायचं तेही ठरवलं.

टाळ्या थांबेनात तेव्हा मास्तर मागे वळले. धैर्यशीलकडे त्यांनी पाहिलं. तोंडाकडे नाही, हातांकडे. थोडा वेळ पाहिलं. मग पुढे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला होता, पण तेव्हा मला तो एसीचा परिणाम वाटला.

निवेदकानं मनोगत व्यक्त करायला सांगितलं. मास्तर माइकपाशी आले.

“गाणी सुरू करा,” म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

वादक चहा संपवून धावत आले. निवेदकानं एकेकाचं नाव घेतलं. ढोलकी अमुक, कीबोर्ड तमुक, त्यांचे गुरू कोण, त्यांचं घराणं कोणतं. मग म्हणाला, “बेस गिटारवर, धैर्यशील खराडे.” पुढं काही नाही. धैर्यशीलनं मान खाली घातली होती. खुंट्या जराशा फिरवल्या. ट्यूनर लावला नाही, कान जवळ नेला.

मृणालताईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि गाणं सुरू केलं.

मी ड्रमवाला माणूस. बेस मला कानांनी कळत नाही, पोटात कळतो. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. मी सूर हलण्याची वाट बघत होतो, दात दुखायची वाट बघावी तशी. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला ताईंनी वरचा सूर घेतला आणि तो सोडून खाली उतरल्या, तेव्हा खाली फळी जागच्या जागी होती. त्या उतरल्या आणि बिनधास्त उभ्या राहिल्या.

घंटेसारखा आवाज, तो म्हणाला होता. खरंच होता.

तेव्हा मला सकाळचा तो पेला आठवला. आणि ते हात पुढे करून राहिलेले अध्यक्ष. आणि ती न वाजलेली टाळी. हात सुटला असता, तर दांडी एसीत गार पडली असती. मी ज्याला ज्याला उर्मटपणा समजलो होतो ते सगळं एकेक करून आठवलं, आणि मध्यंतरात सुनावायचं जे काही ठरवलं होतं, ते मी गिळलं.

मध्यंतरात सगळे बटाटेवड्याकडे धावले. धैर्यशील तसाच बसून होता. मी त्याच्यासाठी एक वडा नेला. त्याचे हात मोकळे नव्हते, म्हणून मी तुकडे करून त्याच्या तोंडात घातले. ह्या वयात मला हेही करावं लागलं.

“दुपारी घरी पण असंच बसला होतास?”

तो चावत होता. मानेनं हो म्हणाला.

“किती वेळ?”

“दांडी हाताला गार लागेनाशी होईपर्यंत,” तो म्हणाला. “म्हणजे… हात कुठला आणि दांडी कुठली, असं.” मग घास गिळला. “काका, मला वाटलं होतं, टाळी वाजवायला एक हात तरी सुटेल. नाही सुटला.”

त्याचे डोळे ओले होते. मी दुसरा वडा आणायला गेलो.

उत्तरार्ध संपला. शेवटच्या गाण्यात कीबोर्डवाल्याचा डावा हात त्याच्या मांडीवर नुसता पडून होता. पडदा पडल्यावर मृणालताई धैर्यशीलच्या खुर्चीपाशी आल्या.

“उद्या तालमीला वेळेवर ये,” म्हणाल्या आणि गेल्या.

मास्तर विंगेत उभे राहून शालीची घडी घालत होते. नारळ त्यांनी माझ्याकडे दिला होता. धैर्यशील मागे गुडघ्यावर बसून केस बंद करत होता. बोटं आखडली होती, त्याला खटका लावता येत नव्हता.

तेवढ्यात माणगावे आले. संध्याकाळभर त्यांनी राग आवरला होता, आता आवरेना.

“मास्तर, माफ करा, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या सत्काराला अख्खं सभागृह उभं राहिलं. आणि तो बेसवाला? बसून. एक टाळी नाही. अध्यक्षांनी हात पुढं केला, तर हातसुद्धा दिला नाही. आणि गावभर सांगत फिरतोय की तुमचा शिष्य.”

केसचा खटका लावायचा आवाज थांबला.

मी तोंड उघडलं. मास्तरांचं ठरलेलं वाक्य मला पाठ होतं, त्यांना उगाच बोलायचा त्रास नको.

मास्तरांनी मला हातानं थांबवलं. शालीची घडी पूर्ण केली. गळ्यातला मफलर काढला, तो घडीवर ठेवला, आणि दोन्ही मागे न बघताच धैर्यशीलच्या दिशेनं धरली.

“माझाच आहे,” ते म्हणाले. “टाळी वाजवली असती, तर नसता.”